पावतीवरचे दोन शब्द

गिटारदुरुस्तीच्या कामात गिऱ्हाईक नेमके काय म्हणाले यापेक्षा पावतीवर काय लिहिले आहे यावर विसंबण्याची सवय लागते, आणि त्या दिवशीचा सगळा घोटाळा या सवयीतूनच झाला. माझ्या मदतनिसाने एका गिटारच्या पावतीवर 'ब्रिज सुटला आहे, तारा उंच' एवढेच लिहून ठेवले होते. गिटार कोणी आणून दिली हे मी पाहिले नव्हते. ब्रिज, म्हणजे गिटारच्या पोटावर चिकटवलेली तारा अडकवायची लाकडी पट्टी, मागच्या कडेने खरोखरच उचलला गेला होता आणि तो उचलला गेला की तारा वर येतात, त्यामुळे त्या दोन नोंदी मला एकाच दुखण्याच्या वाटल्या.

ब्रिज काढून जुना सरस खरवडला, नवा लावून चोवीस तास क्लॅम्पमध्ये ठेवला, मग होत्या त्याच मापाच्या जाड तारा चढवल्या. तरीही बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहाव्या तारेची उंची साडेतीन मिलिमीटर भरली. सॅडल, म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेली आणि तारा पेलणारी हाडाची पट्टी, नेहमीपेक्षा बरेच उंच होते. तेवढ्यावरून मला शंका यायला हवी होती; पण तारा फ्रेटवर खडखडतात म्हणून पूर्वी कुणीतरी हाड उंच बसवून वेळ मारून नेली असावी, असा निष्कर्ष काढून मी ते घासायला घेतले. बाराव्या फ्रेटवर तार जितकी खाली आणायची त्याच्या दुप्पट सॅडल उतरवावे लागते, म्हणून सव्वा मिलिमीटरसाठी अडीच मिलिमीटर हाड घासले गेले. शेवटी उंची सव्वादोन आली, गिटार नेहमीच्या सुरांत लावली आणि काम चोख झाल्याच्या समाधानात ती खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी पावती घेऊन आली. गिटार मांडीवर घेऊन तिने आधी सहावी, मग पहिली, दुसरी आणि तिसरी अशा चार तारा उतरवल्या. हे सगळे ती कानाने करत होती. पाचवी आणि चौथी तार तिने जागची हलवली नाही. कान देऊन ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की तारा आता सा-प-सा-ग-प-सा अशा लागल्या आहेत, म्हणजे गिटारवाले ज्याला ओपन डी म्हणतात तो मेळ. तिने खिशातून काचेची आखूड नळी काढून करंगळीत घातली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पावतीवर 'तारा उंच' यापुढचा 'ठेवा' हा शब्द गळला होता, आणि मी नेमके उलटे करून बसलो होतो.

स्लाइडने, म्हणजे अशा नळीने, वाजवताना तार फ्रेटवर दाबायची नसते. काच तिच्यावर नुसती टेकवून सरकवायची असते. तार बुटकी असेल तर काच फ्रेटवर आपटते आणि सुराऐवजी ठकठक ऐकू येते, शिवाय ओपन डीमध्ये चार तारा ढिल्या होत असल्यामुळे त्या काचेखाली आणखी दबतात. दिवंगत पंडित ब्रिजभूषण काब्रा यांच्याप्रमाणे गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवणारे कलाकार तारा चांगल्या उंच ठेवतात, कारण त्यांना फ्रेटची गरजच नसते. गिटार उभी धरून बोटात नळी घालणाऱ्या बॉटलनेक वादकाला मात्र मोकळ्या बोटांनी अधूनमधून तार दाबायचीही असते, त्यामुळे त्याची उंची म्हणजे दोन्हींच्या मधली तडजोड असते. हे सगळे मला ठाऊक होते, पण ते आठवण्याची वेळ टळून गेली होती.

मी चूक कबूल केली आणि नवे सॅडल फुकट बनवून देईन असे सांगितले. ती रागावली नाही. "आधी वाजवून तर बघते, काका," एवढेच म्हणून तिने काच बाराव्या फ्रेटवर टेकवली आणि अपेक्षेप्रमाणे ती ठक्कन आपटली. तिने गिटार किंचित कलती केली, तारा आणि फ्रेट यांच्यामधली फट डोळ्यांजवळ आणून पाहिली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी काच आपटली नाही. मी वाकून पाहिले तर करंगळी तारेवर दाब देतच नव्हती. नळीचे वजन तेवढे तारेवर होते आणि तेही हाताने अर्धे पेललेले. काचेच्या मागे तिची अनामिका आणि मधले बोट तारांवर अलगद पसरलेले होते, त्यामुळे मागच्या बाजूची किणकिण उमटत नव्हती. उजव्या हाताची बोटे एक तार छेडून लगेच शेजारच्या तारांवर विसावत होती. पुष्कळ वादकांची वर्षे या दोन्ही हातांच्या झाकाझाकीत जातात, कारण स्लाइडमध्ये नको असलेला आवाज थांबवणे हे हवा असलेला सूर काढण्याइतकेच अवघड असते.

त्यानंतरची चार-पाच मिनिटे मी हातातली कानस खाली ठेवायचेही विसरलो. ती सावकाश वाजवत होती. एखादा सूर खालून मींड घेत वर आणायचा, त्याच्या अगदी अलीकडे क्षणभर रेंगाळायचे आणि मगच त्याला भेटायचे, असा तिचा ढंग होता. नेहमीच्या वादनात बोट फ्रेटच्या अलीकडे ठेवले तरी चालते. काच मात्र फ्रेटच्या तारेच्या बरोबर माथ्यावर यावी लागते. बाराव्या फ्रेटजवळ पुढचा अर्धस्वर जेमतेम अठरा मिलिमीटरवर असतो, म्हणजे तिथे काच एक मिलिमीटर हुकली तर सूर पाच-साडेपाच सेंटनी हलतो (अर्धस्वराचे शंभर समान भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट). पाहणाऱ्याचा डोळा वरून असल्यामुळे फसतो. तिचे डोळे बहुतेक वेळ गिटारवर नव्हतेच.

सवयीने मी क्लिप ट्यूनर, म्हणजे सूर तपासायचे चिमट्यासारखे यंत्र, काढून गिटारच्या डोक्याला लावले. पाच तारांवर काटा मधोमध थांबला आणि तिसऱ्या तारेवर, म्हणजे गांधारावर, मध्याच्या बराच अलीकडे. तार उतरली आहे असे मी म्हणालो, त्यावर ती म्हणाली, "तिथेच हवी आहे. यंत्राच्या जागेवर नेली की सगळ्या तारा एकत्र छेडल्यावर ती टोचते." तिने ती तार काट्याच्या मध्यावर चढवून सहाही तारांवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा उतरवून फिरवला. दुसऱ्या वेळी तो मेळ एकदम निवळला. गिटारवरचे फ्रेट सप्तकाचे 12 समान भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे षड्जापासून फ्रेटवरचा गांधार 400 सेंटवर पडतो, तर नैसर्गिक शुद्ध गांधार 386 सेंटच्या आसपास असतो. हे 14 सेंटांचे अंतर मी हिशेबात अनेकदा मांडले आहे. तिने ते कोणत्याही हिशेबाशिवाय कानाने गाठले होते, आणि मी चिमटा लावून तिची चूक काढायला निघालो होतो.

शिकलीस कुणाकडे, असे विचारल्यावर ध्वनिमुद्रणे ऐकून, असे उत्तर आले. अमेरिकन स्लाइडवादक ड्युएन ऑलमन आणि मोहनवीणा वाजवणारे विश्वमोहन भट्ट या दोघांची नावे तिने एका दमात घेतली. लोकांसमोर तिने आजवर दोनदाच वाजवले होते. कार्यक्रम ठरवणाऱ्या माझ्या एका मित्राला मी तिच्यादेखत फोन केला. त्याने ध्वनिमुद्रण पाठव म्हटले, तेव्हा मी हट्टाने नकार दिला आणि प्रत्यक्ष येऊन बस असे सांगितले. मी सहसा कुणाची शिफारस करत नाही, हे त्याला माहीत असल्यामुळे तो पुढच्या आठवड्यात यायला तयार झाला.

मी नव्या सॅडलसाठी हाडाचा तुकडा काढला आणि उंची पुन्हा साडेतीन करतो म्हणालो. तिने थांबवले. बुटक्या तारांमुळे काचेच्या मागे बोटाने तार दाबणे आज पहिल्यांदाच सोपे गेले होते आणि तिला ते गमवायचे नव्हते. तिने काच ठेवून, उचलून, पुन्हा ठेवून बराच वेळ अंदाज घेतला आणि मग आम्ही दोघांनी मिळून पावणेतीन मिलिमीटर हा आकडा ठरवला. नवी पावती मी स्वतः लिहिली: 'नवे सॅडल. बाराव्या फ्रेटवर 2.75. तारा उंच ठेवा, पण पूर्वीइतक्या नको.' ती तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली आणि मगच फाडून दिली.