माझा अनुभव : वर्गात अग्बाझा आणि अडलेली घंटा

इथे इंग्लंडमधल्या शाळेत सातवीला अग्बाझा शिकवला. घाना आणि टोगोच्या दक्षिण भागातल्या एवे लोकांचा हा वादनप्रकार जुन्या युद्धनृत्यातून आलाय. आता लग्नातही वाजतो आणि अंत्यविधीलाही. हॉल मिळाला, तास मिळाले, ढोल आले. अडलं फक्त गांकोगुईवर.

गांकोगुई ही लोखंडी जोडघंटा, मोठीच्या अंगावर लहान बसवलेली. ऑफिसने खरेदीच्या फॉर्मवर ती ‘जादा साहित्य’ म्हणून खोडली. ढोल आहेत, मग घंटा कशाला? पुन्हा फॉर्म, पुन्हा कोटेशन, पुन्हा सहीसाठी थांबणं. याची चीड अजून गेलेली नाही, कारण अख्खा मेळ त्या घंटेवर उभा असतो. कागान, किदी, सोगो, प्रत्येक ढोल आपली जागा तिच्याकडे कान लावून शोधतो. मागणी लिहाल तेव्हा पहिल्या ओळीत गांकोगुई लिहा, तीही दोन नग, आणि ‘याशिवाय तास घेता येणार नाही’ असं स्पष्ट नमूद करा.

घंटा येईपर्यंत ढोल झाकून ठेवा. एकदा मुलांनी ढोल बडवायला सुरुवात केली की ऐकणं संपलं. तोवर उभं राहून पावलं घ्यायची. आवर्तन १२ मात्रांचं, पावलं १, ४, ७, १० वर. घंटेचे ठोके १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. म्हणजे चौथ्या आणि सातव्या मात्रेवर पाऊल पडतं तेव्हा घंटा गप्प असते, आणि मुलं नेमकी तिथेच सुटतात. ५-६ आणि १२-१ हे ठोके लागोपाठचे. मुलं त्यांच्यातलं अंतर ताणतात, नाहीतर बारावा गाळूनच टाकतात. तबला शिकलेल्या मुलांना ठोका म्हणजेच मात्रा वाटते, त्यांना पावलांवर जास्त वेळ द्या.

यावर उत्तर अखात्सेत आहे. मण्यांची जाळी घातलेला हा भोपळ्याचा खुळखुळा. तो मांडीवर आपटला की ‘पा’, वर उचलून तळहातावर आपटला की ‘टि’. एकपासून: पा, रिकामी, पा, टि, पा, पा, टि, पा, टि, पा, टि, पा. सगळे ‘पा’ घंटेबरोबर येतात आणि चौथ्या-सातव्या मात्रेची ती रिकामी जागा ‘टि’ने भरते. वाद्याचीही गरज नाही, हात आणि मांडी पुरते. घंटा हातात आली तेव्हा मुलांचे ठोके आधीच बसलेले होते, याचं मला फार समाधान आहे.

मग कागान. सगळ्यात लहान ढोल, वाजवायला सोपा दिसतो म्हणून कच्च्या मुलाला देतात. तसं करू नका. त्याचे दोन ठोके पावलानंतरच्या दोन मात्रांवर येतात. कान पहिल्या ठोक्यालाच सुरुवात समजतो, मूल पाऊल तिथे सरकवतं आणि सगळा मेळ एका मात्रेने घसरतो. घसरला की ढोल थांबवायचे, घंटा नाही. कागानवाल्याने रिकाम्या मात्रेला टाच दाबायची, तिथून पुन्हा सुरू.

किदी लवकर बसतो. सोगो पुढारी ढोल, तो सुरुवातीला शिक्षकानेच वाजवावा.

आणि हो, ढोल हीटरजवळ ठेवू नका. लाकडाच्या पट्ट्या आकसतात, खुंट्या ढिल्या पडतात, कातडं उतरतं.