चिठ्ठीत नसलेला प्रश्न

शाळेच्या आठवणी म्हटलं की बहुतेकांना स्नेहसंमेलन आठवतं, नाहीतर छड्या. मला आठवतात काचपट्टीवरचे सीरमचे तीन थेंब. एक निळा, एक पिवळा, एक बिनरंगी.

१९९३ साली आम्ही नववीत होतो. रक्तगट नुसता फळ्यावर शिकवायचा नाही, ज्याचा त्यानं तपासायचा, असं जीवशास्त्राच्या बाईंनी ठरवलं. रक्तगट ओळखायच्या सीरमच्या बाटल्या त्या थर्मासमध्ये बर्फ घालून घेऊन आल्या. एड्सच्या धास्तीचे ते दिवस, म्हणून प्रत्येकाला नवी सुई, तीही त्यांच्या स्वतःच्या पैशांनी. त्याआधी आठवडाभर मात्र चिठ्ठ्यांचं प्रकरण चाललं. घरून परवानगीची सही आणायची! सहलीला चिठ्ठी ठीक आहे, एवढ्याशा टोचण्याला कशाला, असं आम्हाला वाटायचं.

माझ्या बाकावरचा मित्र सोलापूरच्या पूर्वभागातला. आई विड्या वळायची, घरात तेलुगू. त्याच्या चिठ्ठीवर आईचा अंगठा होता.

"काय लिहिलंय ते आईला सांगितलंस का?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. शाळेचं आहे म्हटलं, तिनं लगेच अंगठा दिला."

बाईंनी चिठ्ठी परत केली. "तेलुगूत नीट सांग. आणि ती काय विचारते, ते मला येऊन सांग."

दुसऱ्या दिवशी तो आईचा प्रश्न घेऊन आला: उरलेल्या रक्ताचं काय करणार? वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. "काचपट्ट्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवणार, असं सांग त्यांना."

त्याच आठवड्यात शास्त्रज्ञ हाफकिनचा विषय निघाला. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांना दिली. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. बाई एवढंच म्हणाल्या, "तुरुंगात नाही म्हणायला किती बळ लागत असेल रे?" आमच्या वर्गातल्या एका मुलीनं तेवढं बळ दाखवलं. आजी नको म्हणते म्हणून तिनं बोट पुढे केलं नाही. तिला निरीक्षणाची वही दिली आणि विषय तिथंच मिटला.

प्रयोग झकास झाला. थेंबांत रक्त मिसळायचं; निळ्या थेंबात गुठळ्या झाल्या तर ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हींत नाही तर ओ. घोळ झाला तो गृहपाठात. आई-वडिलांचे गट माहीत असतील तर लिहून आणा आणि आनुवंशिकतेचा तक्ता करा, असं बाईंनी सांगितलं होतं. मित्राच्या वडिलांकडे रक्तदानाचं कार्ड होतं, आईचा गट बाळंतपणाच्या कागदावर होता. दोघेही ओ. हा ए. मी त्याच्या वहीत डोकावलो आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं ओरडलो, "ओ आणि ओ चा ए होतच नाही बे!"

कुणीतरी शिट्टी वाजवली. त्यानं वही मिटली. "थेंब सुकला असेल, सुकला की गुठळी झाल्यासारखं दिसतं," असं म्हणून बाईंनी तास गुंडाळला. मला त्यांनी एक शब्दही सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडताच त्या बोलल्या. "चूक माझी आहे. चिठ्ठीत मी बोट टोचायला परवानगी मागितली होती. आई-वडिलांचा गट विचारायला कुणाकडे मागितली होती?" सगळे तक्ते त्यांनी गोळा करून परत घरी पाठवले. मग 'बॉम्बे' रक्तगट शिकवला. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला. साध्या तपासणीत हा ओ वाटतो, पण आत ए किंवा बी चं जनुक लपलेलं असू शकतं, आणि ते मुलात उतरतं. म्हणजे 'होतच नाही' हे माझं विज्ञानही कच्चंच होतं. हा गट आपल्याकडे साधारण १०,००० माणसांत एखाद्याचा. आज रक्तपेढीत काम करताना मला माहीत आहे की त्याहून कितीतरी जास्त वेळा कार्डावरचा गटच चुकलेला असतो. मित्राच्या घरी यातलं काय होतं, मला ठाऊक नाही. ते ठाऊक करून घेणं माझं कामही नाही.

रक्तपेढीत अधूनमधून एखादे वडील येतात. पोरानं रक्त दिलंय, एचआयव्हीचा रिपोर्ट मला दाखवा, म्हणतात. पोरगा वीस वर्षांचा. आता एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवण्याचा २०१७ चा कायदा आहे, त्यामुळे नाही म्हणणं सोपं जातं. तो नव्हता तेव्हाही मी नाहीच म्हणत होतो. चारदोन जण तावातावानं भांडून गेलेत.

गेल्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास आमच्या शिबिरात तो मित्र आला. केस पांढरे, कपाळावर चष्मा. त्याचा गट मीच तपासला. निळ्या थेंबात लगेच गुठळ्या. कार्डावर लिहिताना म्हणालो, "ए पॉझिटिव्ह."

"तेव्हाही तोच होता की बे," तो म्हणाला. मग पारलेची दोन बिस्किटं चहात बुडवून खाल्ली, आईला दवाखान्यात दाखवायचंय म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.