नंबर दोन

नोव्हेंबर लागला की माझ्या सेवा केंद्रापुढचं बाकडं सकाळी आठलाच भरतं. हयातीचे दाखले काढायचे असतात. आमचा साताऱ्याचा भाग, घरटी एक तरी माणूस फौजेत गेलेला. जवळच्या आपशिंग्याला तर सगळे आपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या पेन्शनरांत निम्म्याहून जास्त मिल्ट्रीवाले. ते रांगेत घुसत नाहीत, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता आणतात, आणि आर्मी नंबर विचारला की चष्मा शोधत बसत नाहीत.

गेल्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. अकराच्या सुमारास रेंज गेली. समोर सहा-सात म्हातारे, बाकड्याच्या टोकाला एक आजी आणि त्यांच्याशेजारी उभे असलेले आबा. हे दोघं दरवर्षी एकत्र येतात. नदीपलीकडच्या गावाहून पहिल्या एसटीनं. आजींच्या एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं अंधुक. आबा त्यांना ‘वैनी’ म्हणतात, त्या ‘भावजी’. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं सख्खे दीर असतील. आडनावं वेगळी निघाली. आजींचे मालक आणि आबा एका पलटणीतले, १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. मालक जाऊन वीस वर्षं झाली.

रेंज यायचं नाव नव्हतं. चहा सांगितला आणि बोलणं निघालं. कोणी सियाचीन काढलं, कोणी श्रीलंका. एकानं आबांना विचारलं, “तुम्ही जमालपूरला होता न्हवं?”

आबा एरवी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण जमालपूरच्या पाठीमागं जाऊन बसली होती, टांगाइलकडं जाणारा रस्ता अडवून. ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी जमालपुरातल्या पाकिस्तानी फौजेला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, ती तिथल्याच एका माणसानं आत नेली. उत्तराच्या चिठ्ठीबरोबर एक गोळी आली. “आमचे सीओ, कमांडिंग ऑफिसर, ब्रार साहेब. त्यानंतर कुणाला डोळा लावू दिला न्हाई त्यांनी. आन् आले की ते. जमालपूर सोडून आमच्याच रस्त्यानं निघाले, रातच्याला.”

हे सगळं पुस्तकात मिळतं, मीही नंतर वाचलं. पुढचं पुस्तकात नाही.

“ह्यांचे मालक एलएमजीवर, म्हंजे हलक्या मशीनगनवर, नंबर एक. मी नंबर दोन.”

मी विचारलं, नंबर दोन म्हणजे काय करायचं?

आबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हात पुढे केले. डावा हात वर, जणू समोर बंदूक आहे. “नंबर एकानं फक्त पुढं बघायचं. नेम आन् घोडा. बाकी समदं माझं. मॅगझिन तीसची, पण आम्ही अठ्ठावीसच भरायचो, स्प्रिंगला ताण नको. ती अठ्ठावीस मी मनात मोजायची. संपायच्या आदी माझा हात मॅगझिनवर पायजे. त्यानं मागं वळून बघितलं तर माझं चुकलं.” त्यांनी हवेतली रिकामी मॅगझिन उपसली, दुसरी बसवली आणि शेजारच्या माणसाच्या खांद्यावर तळहात टेकवला. “अशी थाप दिली की त्याला कळायचं, भरली. बोलायचं न्हाई. त्या आवाजात ऐकूच येत न्हाई काय.”

“किती वेळ चाललं?”

“उजाडस्तोवर. सकाळी जमालपूर पडलं.” मग जरा हसले. “पुढं टांगाइलला छत्रीवाले भेटले, २ पॅरा. ती पलटण म्हंजे पूर्वीची ३ मराठा. परमुलखात आपलीच माणसं आभाळातनं उतरलेली बघून ह्यांच्या मालकानं माझ्याकडचे समदे शक्करपारे त्यांना वाटून टाकले. माझ्याकडचे. स्वतःचे ठेवले.”

आजी तोंडाला पदर लावून हसत होत्या. ही गोष्ट त्यांनी घरी शंभरदा ऐकली असणार.

साडेबाराला रेंज आली. आधी आबांचा दाखला घेतला. उजवा अंगठा मशीनवर ठेवला, लाल दिवा. ओल्या फडक्यानं पुसला, तरी लाल. दहाही बोटं करून पाहिली. त्यांची उजव्या हाताची पहिली तीन बोटं तुळतुळीत आहेत, रेषाच नाहीत. मघाचं ऐकून माझ्या मनात काय यायचं ते आलंच. मी विचारलं, आबा, हे एलएमजीच्या तापलेल्या नळीनं का? “न्हाई गं पोरी. गुऱ्हाळावरची काहील. पेन्शनीवर आल्यावरचं हाय त्ये.” मग मोबाइलवर चेहरा घेतला. डोळे मिचकवा म्हटलं, मिचकवले, झालं.

आजींची वेळ आली. नवीन दाखला काढण्याआधी मी सहज मागच्या वर्षीच्या दाखल्याची स्थिती उघडली, आणि हात थांबला. नामंजूर. पेन्शनच्या नोंदीत आजींचं नाव एक, आधारवर दुसरं. लग्नात नाव बदललेल्या बायकांचं हे फार होतं. मागच्या वर्षी प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर, निघाला तेव्हा काम झालं असं धरून मी त्यांना घरी पाठवलं होतं. दाखला निघणं आणि पुढे तो मंजूर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीत होतं, तरी मी पुन्हा पाहिलं नाही. आणि मेसेज ज्या मोबाइल नंबरवर गेला असेल तो मालकांच्या वेळचा, केव्हाच बंद पडलेला.

“आजी, पेन्शन येतेय ना वेळेवर?”

“येती की. दर महिन्याला भावजी न्हेत्यात बँकेत. मी बाकड्यावर बसती, ते आणून देत्यात हातात. सोळा हजार.”

तरी खात्री करावी म्हणून आधारवरून खात्याची छोटी स्टेटमेंट काढली. पाचव्या खेपेला बोट लागलं. कागद बाहेर आला. जूननंतर पेन्शनची एकही नोंद नव्हती. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर कोरे.

मी वर पाहिलं. आबा आजींच्या मागे उभे होते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. मग तळहात आजींच्या खांद्याच्या वर, न टेकवता, नुसता धरला.

मी कागद दुमडून ड्रॉवरमध्ये टाकला. “आलीय आजी,” म्हटलं. खोटं बोलले. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बोलले असते असं वाटत नाही.

आजींना दारात उजेडाला बसवून चेहरा घेतला, तिसऱ्या वेळी लागला. पण नाव जुळल्याशिवाय याही दाखल्याचं तेच होणार होतं. आबांना बाजूला बोलावलं. चार महिने तुम्ही तुमच्या खात्यातून काढून देताय? ते म्हणाले, “त्यांना औषधाला लागतंय. नातीची फी आसती. थांबली म्हणून सांगितलं आसतं तर रात्रभर जागल्या आसत्या.” मला त्यांची पेन्शन ठाऊक आहे, दाखले मीच काढते. नाईकच्या हुद्द्यावरून पेन्शनीवर आलेला माणूस. सोळा गेल्यावर हातात काय राहत असेल ते मी मनात मांडलं आणि मला बोलवेना.

“मालकांचं डिस्चार्ज बुक आहे का?” एवढंच विचारलं.

त्यांनी पिशवीतून काढलं. पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत, लग्नाची पत्रिका, ग्रामपंचायतीचा दाखला, सगळं होतं. ऑगस्टपासून ते हे कागद घेऊन फिरत होते, कुठे द्यायचे ते कोणी नीट सांगत नव्हतं. माझ्याकडे का आला नाहीत म्हटलं, तर म्हणाले, तुझ्याकडं वैनी संगं असत्यात.

मी त्या दिवशी केंद्र दोनला बंद केलं. प्रतिज्ञापत्र टाइप केलं, सगळे कागद स्कॅन करून नावदुरुस्तीचा अर्ज भरला, मोबाइल नंबर बदलून आबांचा टाकला. मूळ कागद दुसऱ्या दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणाला भेटून दाखवायचे ते चिठ्ठीवर लिहून दिलं. आजी तोवर बाकड्यावर बसून बाकीच्या म्हाताऱ्यांना मालकांच्या गोष्टी सांगत होत्या. त्यांचा आर्मी नंबर त्यांनी एका दमात म्हणून दाखवला, तोही हिंदीत, मालक म्हणायचे तसा.

फेब्रुवारीत थकबाकीसह पैसे जमा झाले. दोघं आले होते. मी आबांना हळूच म्हटलं, आता तुमचे घ्या काढून. त्यांनी खिशातून नातीच्या आधारची झेरॉक्स काढली आणि विचारलं, वैनींच्या नावानं एफडी करायची आणि वारस म्हणून पोरीचं नाव लावायचं तर अजून काय कागद लागतात. आजींना सांगायला हवं असं मला अजूनही वाटतं. आबांसमोर धीर होत नाही. ते चार महिन्यांचे आकडे मी माझ्या वहीत तारखांसह लिहून ठेवलेत, खाली त्यांचं नाव घालून.

साडेचारची एसटी आली तेव्हा आबा आधी चढले, पिशवी सीटवर टाकली आणि दारात येऊन हात खाली केला. आजींनी वर न बघताच तो धरला.