उकिरडा फुंकताना

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, असे म्हणतात. जुन्या बाटल्यांच्या शोधात निघालेल्या माणसाला मात्र बारा वर्षांचा उकिरडा अगदीच कोवळा वाटतो. त्याला हवा असतो तो शंभर वर्षे मातीत मुरलेला, वर झाडे वाढलेला आणि ज्यांनी तो केला त्यांच्या नातवंडांच्याही विस्मरणात गेलेला. या नादाला मी अलीकडेच लागलो आहे, तेव्हा पुढचे सारे नवशिक्याचे बोलणे समजावे.

माझी पहिली चूक अशी झाली, की माणसे जिथे राहत होती तिथेच मी शोधू लागलो. एका पडक्या घराच्या जोत्याभोवती दोन दिवस घालवले, तेव्हा हाती आले ते कौलांचे तुकडे आणि एक गंजलेली बिजागरी. मग हळूहळू ध्यानात आले, की कचरा टाकणाऱ्याला तो डोळ्यांआड हवा असतो, पण त्यासाठी फार चालण्याची त्याची तयारी नसते, आणि या दोन इच्छांची जिथे तडजोड होते तिथे उकिरडा तयार होतो. म्हणून घराच्या मागच्या दाराशी उभे राहावे, हातात जड टोपली आणि मनात कंटाळा आहे अशी कल्पना करावी आणि पाय वळतील तिकडे जावे. ते बहुधा उताराकडेच वळतात : ओढ्याची घळ, कोरडी पडलेली विहीर, दगड काढून सोडून दिलेली खाण, कुंपणापलीकडचा खड्डा. जुन्या शौचकुपाचा खड्डाही यात येतो, कारण नको असलेली वस्तू कोणाच्या दृष्टीस न पडता टाकण्यास त्याहून सोयीची जागा नव्हती. आळसाचा इतका अभ्यास मी पूर्वी कधी केला नव्हता. केवळ आचरण केले होते.

जागा हेरल्यावर जमिनीकडे पाहावे. बिळे करणाऱ्या प्राण्यांनी बाहेर टाकलेल्या मातीत काच, खापर किंवा कोळशाची राख दिसली, तर त्यांनी आपले अर्धे काम केलेले असते. राखेचा थर ही मोठी शुभ खूण आहे. ज्या काळी घरोघरी कोळसा जळत असे, त्या काळच्या कचऱ्यात राखच अधिक असे, आणि तिच्या मऊ गादीत बाटल्या अभंग राहिल्या. लोखंडी सळई दगडावर अडते, राखेत मात्र अलगद उतरते. उलट, वरपासून तळापर्यंत प्लास्टिकच निघू लागले तर खुरपे पुसून घरी जावे. जागेच्या मालकाची परवानगी, जाड हातमोजे, धनुर्वाताची लस आणि उभ्या दरडीखाली आडवे न पोखरण्याचा नियम यांबद्दल वाद घालू नये. बूच शाबूत असलेल्या बाटलीत काही द्रव असेल, तर तो काय आहे हे जाणण्याची उत्सुकताही आवरावी.

खरी गंमत बाटली हाती आल्यावर सुरू होते, कारण तिचे वय तिच्या अंगावर उमटलेल्या, साच्याच्या दोन भागांच्या सांध्याच्या रेघेत लिहिलेले असते. साच्यात फुंकलेल्या, पण तोंड हाताने घडवलेल्या बाटलीची रेघ मानेपाशी विरते. यंत्रावर झालेल्या बाटलीची रेघ मात्र थेट तोंडावरून जाते. पूर्ण स्वयंचलित यंत्र मायकेल ओवेन्स यांनी 1903 च्या सुमारास सिद्ध केले, आणि त्यानंतर काही दशकांतच फुंकणाऱ्या कारागिरांचे काम बहुतांशी यंत्रांकडे गेले. हायराम कॉड यांची 1870 च्या दशकातली गोटीची सोडाबाटली अखंड मिळणे कठीण, कारण आतल्या गोटीसाठी मुलांनी ती फोडायची, हा तेव्हाचा रिवाजच होता. विषाच्या बाटल्या अनेकदा गडद निळ्या आणि खरखरीत कंगोऱ्यांच्या असत, म्हणजे अंधारात औषध शोधणारा हात स्पर्शानेच सावध व्हावा. मातीतला ओलावा काचेतला क्षार वर्षानुवर्षे ओढून घेतो आणि तिच्या पृष्ठभागावर पातळ पापुद्रे सुटतात; त्यांवर प्रकाश पडला की इंद्रधनुष्य उमटते. हे रंग घासून काढणारे लोकही असतात. त्यांना मी समजू शकत नाही.

माझी पहिली अखंड बाटली एका मुळाच्या बेचक्यात सापडली. औषधाची, बोटभर उंचीची, फिकट हिरवी. थुंकीने ओला केलेला अंगठा तिच्या बुडापासून वर नेताना मी मनोमन प्रार्थना करीत होतो, की रेघ मानेपाशी थांबावी. ती थांबली नाही. सरळ तोंडावरून पलीकडे उतरली. बाटली आता खिडकीत आहे आणि पाहुण्यांना दाखवताना माझा अंगठा नेमका तिच्या तोंडावर असतो.