तुम्ही विचारलंत म्हणून : आंब्यावरचं ते 'बांडगूळ' काढायचं का?

मे सरत आला की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागतात. आंब्याच्या नाहीतर फणसाच्या खोडावर जाड, लांब पानं, त्यातून लोंबणारा पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा घोस, आणि सोबत प्रश्न ठरलेला, हे बांडगूळ आहे ना, झाड खाईल ना, काढून टाकू का? एकेकाला उत्तर देतेच, पण यंदा म्हटलं सगळ्यांसाठी नीट लिहावं.

नका हो काढू. ती सीतेची वेणी आहे, आपल्या सह्याद्रीतली आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. आंबोली, राधानगरी, महाबळेश्वर या पट्ट्यात ही आहेच, पण तिकडे हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंका, फिलिपिन्सपर्यंत पसरलेली आहे. आसाम आणि अरुणाचलचं तर हे राज्यफूल, आसामात बिहू नाचताना मुली केसांत माळतात. आणि आपण कोयता घेऊन झाडावर चढतो, याचं खरंच वाईट वाटतं.

बांडगूळ ओळखायचं असेल तर पानंफुलं राहू द्या, फांदीला जिथे चिकटलंय तिथे बघा. तिथे फांदी गाठ आल्यासारखी फुगलेली असते, कारण बांडगुळाची मुळं साल फोडून थेट लाकडात घुसतात आणि झाडाने खालून खेचून आणलेलं पाणी, क्षार सगळं तिथल्या तिथे ओढून घेतात. फुलटोचा पक्षी त्याची फळं खातो, चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून टाकतो की तिथे नवीन बांडगूळ सुरू. ते मात्र फांदीसकट कापायलाच हवं, नाहीतर पुढची फांदी वाळत जाते.

सीतेच्या वेणीचं मूळ सालीच्या बाहेरच राहतं, फक्त धरून बसतं. करंगळीएवढं जाड, कोरडं असताना चंदेरी पांढरं. त्यावर थोडं पाणी शिंपडा आणि बघा, बघता बघता ते हिरवं होतं! वरचा थर मेलेल्या पोकळ पेशींचा असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात, कोरड्या पेशींत हवा भरलेली म्हणून पांढरा दिसतो आणि पाणी शिरलं की आरपार होऊन आतलं हिरवं दिसायला लागतं. म्हणजे ते मूळही उजेडात अन्न बनवतंय. पाणी पावसाचं, खोडावरून ओघळणारं, आणि खत म्हणाल तर सालीच्या भेगांत अडकलेली धूळ, कुजलेली पानं, पक्ष्यांची शिट, बस्स. झाडाकडून घेते ती फक्त जागा. पावसाळा संपला की पुढचे सात-आठ महिने त्या खोडावर पाण्याचा थेंब नाही, तरी ती तगते, पानं जाड असतात, आणि अशा जाड पानांच्या बऱ्याच आमरी दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवून रात्री उघडतात म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. मला हे कितीदा सांगितलं तरी पुन्हा सांगावंसं वाटतं.

कधीकधी ती वाळक्या फांदीवर दिसते आणि आळ तिच्यावर येतो. पण फांदी आधीच वाळलेली असते, पानं झडल्यामुळे ही नुसती उठून दिसते एवढंच.

फूल जवळून बघा एकदा. एका घोसात शंभराच्या वर सुद्धा असतात, एकेक जेमतेम पाऊण इंचाचं, पांढऱ्यावर जांभळे ठिपके, खालची पाकळी गडद आणि मागे पिशवीसारखी. मधल्या चोचीसारख्या टोकाला काडीपेटीची काडी हलकेच लावली की काडीला दोन पिवळे गोळे चिकटून येतात. तेच तिचे पराग, सुटे नाहीतच, मेणासारखे घट्ट, कीटकाच्या अंगाला अख्खे चिकटून जायचे. तो कीटक दुसऱ्या फुलावर गेलाच नाही तर त्या फुलाचे सगळे पराग वाया, म्हणून एवढ्या फुलांतून शेंगा धरतात त्या मोजक्याच. शेंगेत बिया मात्र हजारोंनी, धुळीसारख्या, आणि त्यांच्यात साठवलेलं अन्न जवळपास नसतंच, सालीवरची योग्य बुरशी भेटली तरच बी रुजतं. बुरशीशिवाय, साखर घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावर आमरीचं बी रुजवता येतं हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुइस नडसन यांनी 1922 मध्ये दाखवलं आणि त्यामुळे आज लॅबमध्ये वाढवलेली रोपं मिळतात. तेव्हा बाल्कनीत हवीच असेल तर नर्सरीतून ती घ्या, जंगलातून ओरबाडून आणलेली रस्त्याकडेला कुणी विकत असेल तर प्लीज घेऊ नका.

पावसात फांदीच मोडून पडली तर काय, हेही बरेच जण विचारतात. तर उचलायची, मुळं न तोडता जवळच्याच झाडावर सुतळीने बांधायची, थोडा उजेड आणि वारा लागेल अशी. कुंडीत मातीत अजिबात नको, मुळं कुजतात. आंबा, फणस, खरबरीत सालीचं काहीही चालतं, पेरूवर नको, त्याची साल सुटून पडते. नव्या मुळांनी साल धरेपर्यंत सुतळी सोडू नका.