विशेष हेतूसाठी

आमच्या ख्रिस्ती देवळात मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, सुरू होण्याआधी एक छोटं वाचन होतं, आणि ते बायबलमधलं नसतं. माइकजवळ उभी असलेली मुलगी कागद बघून सांगते की आजची मिस्सा अमक्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून, तमक्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाल्याबद्दल आभार म्हणून, कुणाला परीक्षेत यश मिळावं म्हणून, कुणाला दुखण्यातून उतार पडावा म्हणून. दारात गप्पा मारत उभी असलेली पुरुषमंडळीसुद्धा तेवढ्यापुरती आत सरकतात. वसईतल्या आमच्या गावाचं हे वर्तमानपत्र. कोण आजारी आहे, कुणाच्या नातवाला नोकरी लागली, कोणत्या दोन भावांनी आईची वर्षश्राद्धाची मिस्सा वेगवेगळी लावली, सगळं त्यात येतं. शेवटची बातमी कुणी वाचून दाखवत नाही, पण लागोपाठच्या दोन मिस्सांना तेच नाव ऐकलं की गाव समजून घेतं.

मिस्सा लावायची म्हणजे देवळाच्या ऑफिसात जायचं, वहीत तारीख मोकळी आहे का बघायचं, चिठ्ठीवर नाव आणि हेतू लिहायचा आणि दक्षिणा द्यायची. पैशांचा भाग नाजूक आहे, हे रोमलाही ठाऊक आहे. 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, स्पष्ट लिहिलंय की या दक्षिणेला व्यापाराचा वाससुद्धा येता कामा नये, आणि गरजूंच्या हेतूसाठी फादरांनी दक्षिणा नसतानाही मिस्सा करावी. शिवाय रविवारी आणि मोठ्या सणाला धर्मग्रामाच्या मुख्य फादरांनी सगळ्या लोकांसाठी मिस्सा अर्पण करायचीच असते. ती कुणाला लावता येत नाही, ती आपोआप सगळ्यांची. आईला हा नियम फार आवडतो. ज्यांच्यासाठी चिठ्ठी लिहायला मागे कुणी उरलं नाही, त्यांचीही त्यात सोय होते, असं तिचं म्हणणं.

आमच्या घरचं 2025 साल मला आठवतं ते आईच्या या चिठ्ठ्यांवरून. पहिली चिठ्ठी आभाराची होती, गोव्याहून सुखरूप परतल्याबद्दल. संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन दहा वर्षांनी एकदा असतं. तेव्हा ते बॉम जेझूच्या बासिलिकातून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणतात. या खेपेचं दर्शन 5 जानेवारीला संपणार होतं, म्हणून नाताळचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, डब्यात भरून आम्ही मडगावची गाडी धरली. 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारलेला हा माणूस, आणि त्याच्या पेटीसमोर उभं राहायला आपल्या वाट्याला येतात काही क्षण. मागचा माणूस ढकलतो, स्वयंसेवक 'चला, चला' म्हणतो, तोवर हात जोडायचे राहून गेलेले असतात. आई तरी तृप्त होती. बाबांनी परतताना मडगावच्या बाजारातून चोरिसच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा घेतल्या. त्या माळांचा विषय पुढे डॉक्टरांसमोर निघाला.

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, 5 मार्चला होता. बाबांनी उपास धरला, जो त्यांना लागू नाही. उपासाचं बंधन अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत असतं आणि बाबांनी ती हद्द केव्हाच ओलांडली आहे. पण नियमाने मोकळं सोडलं की माणूस म्हातारा ठरतो, म्हणून ते धरतात. पुढच्या काही दिवसांत वाडीतून केळीचा घड आणताना छातीत भरून आलं, अँजिओग्राफी झाली आणि एक स्टेंट बसला. ते घरी आले तेव्हा आईने लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. 'आजारातून बरे वाटावे म्हणून', एवढं लिहून झालं तोच खाटेवरून हुकूम आला, 'ते खोड. गावभर होईल.'

मग आईने लिहिलं, 'विशेष हेतूसाठी'.

ज्यांच्या गावात ही पद्धत नाही त्यांना या दोन शब्दांची ताकद कळायची नाही. जमिनीचा दावा, कॅनडाचा व्हिसा, मूळव्याध, सुनेशी बोलाचाली, अडकलेलं लग्न, सगळं यात मावतं. देवाला तपशील माहीत असतो, तेव्हा त्याची अडचण नाही. अडचण गावाची होते. आजाराची बातमी नुसती ऐकून गाव हळहळलं असतं आणि विसरलं असतं. विशेष हेतू म्हटल्यावर गाव कामाला लागलं. रविवारपर्यंत ठरलं की आमच्या धाकटीचं कुठेतरी जमतंय. सोमवारी एक मावशी ओटीवर येऊन बसल्या. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, आणि मग त्यांनी नाळ्याकडच्या एका इंजिनिअर मुलाची माहिती काढली. धाकटी आत तोंडावर उशी धरून हसत होती. बाबा पंख्याखाली सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून, सशक्त माणसासारखे बसले होते. मावशींना खरं सांगायचं की मुलीचं लग्न सोसायचं, यांतलं दुसरं त्यांना सोपं वाटलं असावं.

20 एप्रिलला ईस्टर झाला. त्याच दिवसापासून मिस्सांच्या हेतूंबद्दल रोमचा नवा आदेश लागू झाला. एकाच मिस्सेत अनेकांचे हेतू एकत्र घ्यायचे, तर दक्षिणा देणाऱ्यांना ते आधी सांगायला हवं आणि त्यांची राजीखुशी हवी. आईने हे ऐकून मान डोलावली. तिच्या मते सोबत असलेली बरीच. दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारच्या सुमाराला, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. आदल्याच दिवशी ते सेंट पीटर्सच्या सज्जात दिसले होते. संध्याकाळच्या मिस्सेला वेगळी चिठ्ठी लागली नाही.

त्या मधल्या काळात एक गोष्ट माझ्या भाच्याच्या कानाने टिपली. त्याचं पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी, मे महिन्यात होतं आणि तयारीसाठी तो रोज देवळात बसत होता. वेदीवरच्या प्रार्थनेत पोपचं नाव घेतात, आणि पोप नसले की ते गाळतात. 2013 पासून त्या जागी एकच नाव ऐकलेलं, म्हणजे भाच्याच्या जन्माच्याही आधीपासून. त्याला वाटत होतं ते प्रार्थनेतलंच एक वाक्य आहे. 8 मेच्या रात्री आमच्याकडे जेवणं आटोपत आली होती तेव्हा टीव्हीवर नवे पोप निवडल्याचा पांढरा धूर निघाला आणि पुढे लिओ हे नाव कळलं. भाच्याने विचारलं, आता वेदीवर हेच म्हणायचं का? पांढऱ्या सदऱ्यात, हातात मेणबत्ती घेऊन तो उभा राहिला तेव्हा आमच्या फादरांनी ते नाव जरा जपून, पायरी चाचपून पाय ठेवावा तसं उच्चारलं. घरी फुगे, इंडयाल, म्हणजे मांसाचं मसालेदार कालवण, आणि पाहुण्यांची रीघ. बाबांना इंडयाल नाही. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि खाल्लं.

पाऊस लवकर आला, 26 मेला मुंबईत मान्सून दाखल झाला. पावसाळ्यात आमच्याकडे सांगण्यासारखं काही घडत नाही. पाणी भरतं, ओसरतं, ताप येतात, जातात. पाचूबंदरच्या होड्या मासेमारीबंदीचे दोन महिने काठावर असतात.

सप्टेंबरात वांद्र्याची मोत माउली, म्हणजे माउंट मेरी. 8 तारखेला मारियेचा जन्मदिन, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. डोंगराच्या वाटेवर माउलीला वाहायचे मेणाचे अवयव विकायला मांडलेले असतात. गुडघा दुखत असेल तर पाय घ्यायचा, मूल हवं असेल तर बाहुली, भाड्याच्या खोलीत राहणारे घर घेतात. हिंदू, पारशी, सगळेच घेतात, माउली पत्ता विचारत नाही. बाबा एका दुकानासमोर थांबले, त्यांनी भाव केला आणि मेणाचं एक काळीज विकत घेतलं. चांगलं ओंजळभर, लाल. वसईहून निघालेला अर्धा गाव त्याच रांगेत असणार, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. नाळ्याच्या स्थळवाल्या मावशी तर बरोबर आमच्या पुढेच होत्या. त्यांनी मागे वळून बाबांकडे पाहिलं, मग हातातल्या काळजाकडे, मग धाकटीकडे. चढण संपेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. वर पोचल्यावर बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, 'अरे, मला सांगायचं तरी होतंस. आमच्या ह्यांना दोन बसवलेत.'

त्यानंतरचा आठवडाभर आमच्या घरी केळी, पपया आणि पथ्याचे सल्ले येत होते. बाबांनी ज्याला टाळलं होतं ते सगळं. मला वाटतं ते मनातून खूश होते. निदान स्टेंटच्या किमतीवर बोलताना त्यांचा आवाज चढलेला असायचा.

2 नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस. थडग्यांवरचं गवत काढलं, झेंडू घातला, वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या पुन्हा पुन्हा लावल्या. डिसेंबर लागला की ऑफिसात पुढच्या सालची वही उघडते आणि चांगल्या वेळा पटापट जातात. आईने यादी देऊन मला सकाळीच पिटाळलं. बाबांच्या नावाने आभार, उघड शब्दांत, हृदय शब्दासकट. भाच्यासाठी एक. धाकटीसाठी एक 'विशेष हेतू', आणि या वेळी त्यात खरंच काहीतरी आहे असा मला संशय आहे. शेवटी आजोबांची पुण्यतिथी. त्या तारखेला संध्याकाळची मिस्सा भरली होती, फक्त पहाटेची सहाची मोकळी होती. मी आईला फोन लावला.

'सहाचीच लिही,' ती म्हणाली. 'तुझा आजा चार वाजता रहाटाला बैल जुंपायचा. सहाला त्याची अर्धी वाडी शिंपून व्हायची.'