तुम्ही विचारलंत म्हणून: या नव्या शब्दांचा राग येत नाही का?

मी ठाण्यात मुद्रितशोधनाचं काम करते. त्यामुळे सोसायटीच्या हळदीकुंकवाला असो की १८९३ पासून चालू असलेल्या आमच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, एक प्रश्न हमखास येतो: हल्लीची पोरं क्रिंज (बघून लाज वाटावं असं), घोस्ट (न सांगता संपर्क तोडणं), फोमो (आपलंच काही राहून जाईल ही धास्ती) असलं काहीबाही बोलतात, तुम्हाला राग नाही येत?

येतो. पण तो या शब्दांचा नाही.

नवा शब्द कानावर आला की मराठीनं त्याला कामाला लावलंय का, एवढंच मी बघते. आपण स्टेटस ठेवतो, डीपी लावतो, स्टोरी टाकतो, सेल्फी काढतो. ही क्रियापदं कुठल्या समितीनं ठरवली नाहीत. फोटो काढत होतो म्हणून सेल्फीही काढला, पत्र पेटीत टाकत होतो म्हणून पोस्टही टाकली. ‘स्टेटसला ठेवलंय, बघ’ यातला ‘ला’ तर मला फारच आवडतो. ‘ठाण्याला राहते’ मधलाच तो ‘ला’.

मध्ये एका कादंबरीची मुद्रितं आली होती. पहिल्या प्रकरणात ‘ती रील’, पुढे ‘ते रील’. लेखकाला फोन केला, तर ते म्हणाले, घरात मुलगी ‘ती’ म्हणते, मी ‘ते’ म्हणतो. दोघांचंही बरोबर आहे. हाच इंग्रजी शब्द आपल्याकडे पूर्वी एकदा येऊन गेलाय, शिवणयंत्रावरच्या दोऱ्याचं रीळ होऊन. तेव्हा त्याला आपला ‘ळ’ मिळाला, नपुंसकलिंग मिळालं, आणि तो परका आहे हे लोक विसरूनही गेले. आता तोच दुसऱ्यांदा आलाय आणि त्याचं लिंग अजून ठरायचंय. आम्ही पुस्तकभर ‘ती’ केलं, कारण वापरणारी पिढी ‘ती’ म्हणते.

प्रतिशब्द घडवायला माझा विरोध नाही. सावरकरांचा ‘महापौर’ आज सगळ्यांच्या तोंडी आहे. पण ‘ट्रोल’साठी वर्तमानपत्रांनी ‘जल्पक’ आणला, तो छापण्यापुरताच राहिला. ‘ट्रोलधाड’ मात्र चालली, कारण टोळधाड आपल्याला आधीच माहीत होती. आणि परक्या शब्दांचंच म्हणाल तर ठाण्यावर १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. बटाटा, पाव, चावी, बादली त्यांच्याच भाषेतून आलेत.

या समाजमाध्यमांनी एक चांगलंही केलंय, ते कुणी बोलत नाही. पूर्वी पुण्या-मुंबईची मराठी पुस्तकांतून, आकाशवाणीवरून, दूरदर्शनवरून गावोगाव जायची. तिकडचं बोलणं इकडे आलं तर त्याला गावठी म्हणून हसायचे. आता कोल्हापूरकडचा ‘नाद खुळा’ आणि ‘विषय हार्ड’ आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातली मुलं कौतुकानं म्हणतात. मला याचा मनापासून आनंद होतो.

मग राग कशाचा? ‘छपरी’चा.

हा शब्द कुठून आयात केलेला नाही, इथलाच आहे. गेल्या काही वर्षांत रीलखालच्या कॉमेंटांमधून तो घराघरांत शिरला. केस रंगवलेला, बाइकला टेकून नाचणारा मुलगा दिसला की खाली ओळीनं ‘छपरी, छपरी’. आपल्या राज्यातल्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद समाज आहे. छपरं शाकारणाऱ्यांचं हे नाव. इंग्रजांनी कायदा करून ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यातला हा एक समाज. तो शिक्का १९५२ साली पुसला गेला. या शिवीचं त्या नावाशी असलेलं नातं अनेकांनी दाखवून दिलंय. ते क्षणभर बाजूला ठेवलं, तरी हा शब्द माणसाची ऐपत मोजतो, हे तर दिसतंच.

माझी भाची कॉलेजात आहे. तिच्याबरोबर तलावपाळीला बसले होते. समोर एका मुलानं कठड्यावर बाटलीला टेकवून फोन उभा केला होता आणि एकच स्टेप तो पुन्हा पुन्हा करत होता. केसांची टोकं सोनेरी, शर्ट कडक इस्त्रीचा. दर वेळी जाऊन व्हिडिओ बघायचा, मान हलवायचा, परत जागेवर यायचा. भाची हळूच म्हणाली, “छपरी.”

“म्हणजे काय गं?”

“अगं मावशी, सगळेच म्हणतात. चीप, एवढाच अर्थ आहे.”

“तुझ्या वर्गातल्या, घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या मुलानं असेच केस केले तर?”

ती थांबली. मग म्हणाली, “त्याला नाही म्हणणार.”

तिचं तिलाच ते कळलं होतं, पण हार मानणाऱ्यातली ती नाही. “मग मी काय म्हणू? मला नाही आवडत असला नाच.”

“तेच म्हण. हवं तर क्रिंज म्हण.”

“ते ऐकून त्याला बरं वाटणार आहे का?”

हे तिचं बरोबर होतं. परत येताना गोखले रोडभर आमचा हाच वाद चालला. ती म्हणे, शब्द बदलला तरी हसणं तेच राहतं. मी म्हटलं, नाच वाईट म्हणालीस तर तो उद्या आणखी चांगला नाचेल, नाहीतर तुझ्याकडे दुर्लक्ष करेल. छपरी म्हणालीस तर त्यानं काय करायचं? घर बदलायचं, की आईबाप?

तिला ते अजून पुरतं पटलेलं नाही. माझ्यासमोर तरी ती तो शब्द टाळते, मैत्रिणींत बहुधा टाळत नसेल. पुढच्या रविवारी ती येणार आहे, तेव्हा पुन्हा विषय काढणार आहे मी.